सुईण गेली आणि परतली : अमेरिकेतील प्रसूतिकेंद्रांचा इतिहास (थ्रेड)

१/
इ.स. १९७५. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, पूर्वेकडील ९२ व्या रस्त्यावरच्या एका जुन्या, ऐसपैस घरात बाळंतपणे होऊ लागली. शहरात नामांकित रुग्णालयांची वाण नव्हती. तरीही तेथील स्त्रिया आपण होऊन या घराचा रस्ता धरू लागल्या. येथे बाळंतपण सुईणी करीत. नवरा बाहेर येरझारा घालीत बसत नसे. तो कळा देणाऱ्या पत्नीचा हात धरून तिच्या शेजारी असे. आणि सारे सुरळीत पार पडले, तर साधारण बारा तासांत बाळाला घेऊन कुटुंब आपल्या घरी परतत असे.

२/
शहरातील प्रसूतितज्ज्ञांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. ज्या सुईणीला वैद्यकविश्वाने मोठ्या प्रयासाने बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढले होते, तिलाच पुन्हा मानाने आत आणायचे? हे पुढे जाणे होते की मागे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

३/
१८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर करून पदवी मिळवली. त्या काळी खुद्द अमेरिकेतही बाळंतपण घरातच होत असे. १९०० च्या सुमारास शंभरांतील पाच बाळेही रुग्णालयात जन्मत नव्हती, आणि सुमारे निम्मी बाळंतपणे सुईणींच्या हातून होत होती. रुग्णालयात बाळंत होणे हे मुख्यतः निराधार आणि अतिगरीब स्त्रियांच्या वाट्याला येई. ज्यांना घर होते, त्या घरीच बाळंत होत.

४/
या सुईणी कोण होत्या? उत्तरेकडील शहरांत इटालियन, पोलिश, ज्यू, जर्मन स्थलांतरितांच्या वस्त्यांत त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या स्त्रिया. दक्षिणेत कृष्णवर्णीय सुईणी, ज्यांना आदराने 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हटले जाई. त्यांची विद्या गुलामगिरीच्या काळापासून आईकडून लेकीकडे आलेली होती. सुईण केवळ नाळ कापून निघून जात नसे. ती स्वयंपाक पाही, थोरल्या मुलांना सांभाळी, बाळंतिणीला न्हाऊमाखू घाली. मोबदला रोख मिळेच असे नाही. कधी कोंबडी, कधी शेतातला भाजीपाला मिळे.

५/
हे चित्र रम्य असले, तरी अपुरे आहे. त्या काळी अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे सहाशेहून अधिक माता दगावत. बाळंतज्वर, रक्तस्राव आणि झटके ही मृत्यूची प्रमुख कारणे होती. या मृत्यूंचे खापर फोडायला एक सोयीचे डोके सापडले : सुईणीचे. वैद्यकीय नियतकालिकांत 'सुईणीचा प्रश्न' हा शब्दप्रयोग रूढ झाला. अडाणी, अस्वच्छ, परदेशी, काळी अशी तिची प्रतिमा रंगवली गेली.

६/
वास्तव मात्र गुंतागुंतीचे होते. १९१२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनी देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांकडून माहिती मागवली. उत्तरे धक्कादायक होती. कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यांना पुरेशी बाळंतपणे पाहायलाही मिळत नव्हती. सामान्य डॉक्टरांच्या हातूनही सुईणींइतक्याच स्त्रिया जंतुसंसर्गाने मरतात, अशी कबुली खुद्द प्राध्यापकांनीच दिली होती. तरीही विल्यम्स यांनी सुचवलेला उपाय असा : डॉक्टरांचे शिक्षण सुधारावे, रुग्णालये वाढवावीत आणि सुईण हळूहळू नाहीशी करावी.

७/
तिला शिकवावे, हा पर्यायही समोर होता. इंग्लंडने १९०२ सालीच कायदा करून सुईणींचे प्रशिक्षण व नोंदणी सुरू केली होती. अमेरिकेत १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याखाली माता-बालसंगोपनासाठी केंद्र सरकारचा निधी मिळू लागला आणि त्यातून अनेक राज्यांत सुईणींचे वर्ग चालले. परंतु वैद्यकीय संघटनांनी कायद्याला विरोध केला आणि १९२९ मध्ये तो गुंडाळला गेला.

८/
रुग्णालयाकडे स्त्रियांना केवळ ढकलले गेले, असे मात्र नाही. त्या स्वतःही तिकडे निघाल्या होत्या. १९१४ च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून 'ट्वायलाइट स्लीप'ची वार्ता आली. मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन ही औषधे टोचली की स्त्रीला अर्धवट गुंगी येई. वेदना होत, पण त्यांची आठवण राहत नसे. स्त्रीमुक्तीच्या पुरस्कर्त्यांनीच या उपचाराची मागणी केली, त्यासाठी संघटना काढली. वेदनेतून सुटका हा आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही.

९/
या चळवळीतील एक अग्रणी १९१५ मध्ये स्वतःच्या बाळंतपणात दगावली. मृत्यूचा औषधाशी संबंध नाही असे सांगण्यात आले, तरी चळवळ ओसरली. औषधे मात्र रुग्णालयांत कायमची राहिली. त्यांच्या अंमलाखाली स्त्रिया बेभान होऊन हातपाय झाडत. म्हणून त्यांना पलंगाला बांधून ठेवण्याची रीत पडली. बेशुद्ध बाळंतिणीला सोबतीची गरज काय? मग नवरा, आई, बहीण, शेजारीण सगळ्यांसाठी दार बंद झाले.

१०/
१९२० साली शिकागोचे विख्यात प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डिली यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या क्रियेत इतक्या स्त्रियांना इजा होते तिला नैसर्गिक म्हणायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. इजा होण्याची वाट न पाहता आधीच गुंगी द्यावी, योनिमार्गाला छेद द्यावा आणि चिमट्याने बाळ बाहेर काढावे, असा विधी त्यांनी मांडला. हेच डिली १८९५ पासून शिकागोच्या गरीब वस्तीत घरोघरच्या बाळंतपणांसाठी उत्तम सेवा चालवीत होते. निबंधातील विधी मात्र देशभर पसरला आणि अडलेल्या बाळंतपणासाठीचा उपाय सरसकट सगळ्यांवर होऊ लागला.

११/
रुग्णालयातील बाळंतपणे वाढत गेली. माता मात्र पूर्वीइतक्याच मरत राहिल्या. १९३३ साली न्यूयॉर्क वैद्यक अकादमीने शहरातील तीन वर्षांच्या २,०४१ मातामृत्यूंची छाननी प्रसिद्ध केली. सुमारे दोनतृतीयांश मृत्यू टाळता आले असते, असा निष्कर्ष निघाला. त्यांतील बहुतेकांची जबाबदारी डॉक्टरांकडे जात होती. सुईणींचा वाटा नगण्य होता. अनावश्यक शस्त्रक्रिया आणि उतावीळपणे लावलेला चिमटा यांवर अहवालाने स्पष्ट ठपका ठेवला. ही तपासणी डॉक्टरांनीच केली होती, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण.

१२/
पुढे चित्र पालटले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली, रक्तपेढ्या सुरू झाल्या, नंतर पेनिसिलिन आले, डॉक्टरांवरील देखरेखही कडक झाली. १९५० पर्यंत मातामृत्यूंचे प्रमाण लाखामागे शंभराच्या खाली उतरले. हे यश आधुनिक वैद्यकाचे आहे आणि ते निर्विवाद आहे. पण याच काळात जवळपास सर्व बाळंतपणे रुग्णालयात गेली होती. त्यामुळे जीव औषधांनी, रक्ताने आणि कौशल्याने वाचले की इमारतीने, हा फरक लोकांच्या मनातून पुसला गेला.

१३/
तो फरक दाखवणारे एक उदाहरण केंटकीच्या डोंगरांत उभे होते. मेरी ब्रेकिन्रिज या परिचारिकेची दोन्ही मुले दगावली होती : एक जन्मानंतर काही तासांत, दुसरे चार वर्षांचे असताना. त्या दुःखातून बाहेर पडून त्यांनी इंग्लंडमध्ये सुईणीचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९२५ साली 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' उभारली. रस्ते नसलेल्या त्या भागात या परिचारिका-सुईणी घोड्यावरून ओढे ओलांडत घरोघर जात.

१४/
त्यांच्या पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये तपासला. प्रत्यक्ष बाळंतपणामुळे एकही माता दगावलेली नव्हती. घरे तीच होती, दारिद्र्य तेच होते. बदलले होते ते एवढेच : गरोदरपणातील नियमित तपासणी, शिकलेले हात आणि अडचण ओळखताच डॉक्टरांकडे पोहोचवण्याची बांधीव व्यवस्था.

१५/
न्यूयॉर्कमध्ये हाच धागा 'मॅटर्निटी सेंटर असोसिएशन'ने धरला होता. १९१८ साली स्थापन झालेली ही संस्था प्रथम गर्भवतींच्या तपासणीचे काम करी. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिच्याशी जोडलेल्या लोबेनस्टाइन केंद्रात परिचारिकांना सुईणीचे शिक्षण मिळू लागले. १९४० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे कॅथलिक भगिनींनी गरीब, स्पॅनिशभाषी कुटुंबांसाठी सुईणसेवा सुरू केली. दूरच्या स्त्रियांसाठी एक छोटे घरही ठेवले : 'ला कासिता', म्हणजेच 'छोटेसे घर'. पुढच्या प्रसूतिकेंद्रांची ती पूर्वज म्हणता येईल.

१६/
दक्षिणेतील 'ग्रॅनी' सुईणींचे काय झाले? १९५१ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी दक्षिण कॅरोलिनातील कृष्णवर्णीय परिचारिका-सुईण मॉड कॅलन यांचे जीवन टिपले. ते पाहून हेलावलेल्या वाचकांच्या देणग्यांतून त्यांचा दवाखाना उभा राहिला. १९५३ मध्ये जॉर्जियातील सुईण मेरी कोली यांच्या कामावर 'ऑल माय बेबीज' हा प्रशिक्षणपट निघाला. कौतुक झाले, पण परवाने एकेक करून बंद होत गेले. अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून पारंपरिक सुईणकामच संपवले. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सुईण सन्मानाने परतत होती, त्याच सुमारास अलाबामात वृद्ध सुईणींना पिशवी खाली ठेवायला सांगितले जात होते.

१७/
मधल्या काळात रुग्णालयात काय चालले होते? १९५७ च्या अखेरीस 'लेडीज होम जर्नल' या मासिकात एका परिचारिकेचे पत्र छापून आले : प्रसूतिकक्षांत स्त्रियांशी होणाऱ्या क्रूर वागणुकीची चौकशी करा. मग वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. तासन्‌तास बांधून ठेवल्याच्या, एकटे सोडल्याच्या, डॉक्टर पोहोचेपर्यंत बाळंतपण रोखून धरल्याच्या हकिकती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. या स्त्रियांना सर्व सोयी उपलब्ध होत्या. त्यांच्याजवळ माणूस मात्र कोणी नव्हते.

१८/
बदलाची बीजे अनेक ठिकाणी पडत होती. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड भीतीमुळे वेदना वाढते असे सांगत होते. येल विद्यापीठात डॉ. एडिथ जॅक्सन यांनी १९४६ पासून नवजात बाळाला आईच्याच खोलीत ठेवण्याचा प्रयोग चालवला. १९५८ साली अर्नेस्टाइन विडेनबाख यांनी परिचारिकांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाने 'कुटुंबकेंद्री प्रसूतिसेवा' ही संज्ञा शीर्षकातच घेतली. पॅरिसच्या डॉ. लामाझ यांची श्वसनपद्धती १९६० नंतर लोकप्रिय झाली. तिच्या वर्गांना पतीही येऊ लागले. मग त्याच पतींना ऐन वेळी दाराबाहेर ठेवणे रुग्णालयांना कठीण जाऊ लागले.

१९/
१९७० च्या सुमारास काही जोडप्यांनी रुग्णालयाकडे पाठ फिरवली आणि घरीच, कधी कधी कोणाही जाणत्या माणसावाचून, बाळंतपणे होऊ लागली. मॅटर्निटी सेंटर असोसिएशनच्या संचालक रूथ वॉटसन लुबिक यांना यातला धोका दिसत होता. त्या स्वतः परिचारिका-सुईण होत्या. या कुटुंबांना दोष देण्याऐवजी त्यांनी विचारले : रुग्णालयात असे काय आहे, ज्यापासून ही माणसे पळत आहेत? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून संस्थेने १९७५ साली आपल्याच घरात 'चाइल्डबेअरिंग सेंटर' उघडले.

२०/
केंद्राची शिस्त कडक होती. मधुमेह, रक्तदाब, जुळी, आडवे मूल अशी कोणतीही जोखीम दिसली की त्या स्त्रीला रुग्णालयाकडेच पाठवले जाई. सल्लागार प्रसूतितज्ज्ञ जोडलेले होते, तातडीने हलवण्याची व्यवस्था ठरलेली होती. परतलेल्या बाळंतिणीला घरी भेट देण्यासाठी परिचारिका जाई. आत मात्र वातावरण घरचे. कळा येत असताना स्त्री हिंडूफिरू शके, खाऊपिऊ शके, कोणाला जवळ ठेवायचे ते स्वतः ठरवी. खर्चही रुग्णालयापेक्षा बराच कमी येई, आणि विमेकऱ्यांचे लक्ष वेधले गेले ते यामुळेच.

२१/
विरोध तीव्र होता. शस्त्रक्रियागृह नसलेल्या जागी बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ, असा आक्षेप होता. तो केवळ स्वार्थाचा नव्हता. अचानक होणारा रक्तस्राव पाहिलेल्या डॉक्टरांची भीती खरी होती. तरीही दबाव वाढत राहिला. १९७८ मध्ये प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि सुईणी यांच्या राष्ट्रीय संघटनांनी कुटुंबकेंद्री सेवेचे संयुक्त निवेदन काढले. रुग्णालयांत रंगीत पडदे, डोलखुर्च्या असलेले प्रसूतिकक्ष सजले. कित्येक ठिकाणी बदल पडद्यांपाशीच थांबला. निर्णय पूर्वीच्याच हातांत राहिले.

२२/
वादाला आकडे मिळाले ते १९८९ च्या अखेरीस. जुडिथ रूक्स आणि सहकाऱ्यांनी ८४ प्रसूतिकेंद्रांत कळा सुरू झाल्यावर दाखल झालेल्या ११,८१४ स्त्रियांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. एकही माता दगावली नव्हती. बाळांचे मृत्यू हजारी १.३, म्हणजे कमी जोखमीच्या रुग्णालयीन बाळंतपणांच्या तोडीचे. सिझेरियन ४.४ टक्के; त्या काळी देशभरात जवळपास चौघींपैकी एकीचे सिझेरियन होत होते. सहांपैकी सुमारे एका स्त्रीला मात्र रुग्णालयात हलवावे लागले होते.

२३/
या आकड्यांची मर्यादाही पाहावी. या स्त्रिया निवडून घेतलेल्या, निरोगी होत्या. त्यामुळे देशाच्या सरासरीशी थेट तुलना न्याय्य नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. सुईणींच्या केंद्रांत बाळांना अधिक धोका आढळला नाही आणि आईवरील शस्त्रक्रिया कमी झाल्या. पहिलटकरणींच्या घरच्या बाळंतपणात मात्र बाळाची जोखीम थोडी वाढलेली दिसली. आणि हे सारे पक्क्या रुग्णवाहिका-व्यवस्थेच्या देशात. हलवण्याची सोय काढून घेतली, तर या यशाचा आधारच निघून जातो.

२४/
केंद्रांची वाट तरीही सोपी झाली नाही. ९२ व्या रस्त्यावरच्या केंद्राचा वारसा चालवणारे न्यूयॉर्कमधील एलिझाबेथ सेटन केंद्र २००३ मध्ये बंद पडले. कारण बाळंतपणे बिघडणे हे नव्हते, व्यावसायिक विम्याचे हप्ते परवडेनासे होणे हे होते. लुबिक यांना १९९३ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या बळावर त्यांनी वॉशिंग्टनमधील गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत, एका जुन्या सुपरमार्केटच्या इमारतीत २००० साली नवे प्रसूतिकेंद्र सुरू केले. ज्या समाजाची सुईण हिरावली गेली होती, त्याच्या दाराशी सुईण पुन्हा आली.

२५/
हा इतिहास आपल्याकडे आज का वाचावा? भारतात २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ पर्यंत ती ८९ टक्क्यांवर गेली. हा प्रवास येथे दीड दशकात झाला. त्यातून असंख्य जीव वाचले. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात मातामृत्यूंचे प्रमाण लाखामागे ३३, केरळखालोखाल देशात सर्वांत कमी. याच महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये सुमारे चौथा हिस्सा बाळंतपणे सिझेरियनने होत होती.

२६/
२०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत नात्यातील स्त्रीला थांबण्याची मुभा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे आली : परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आणि रुग्णालयांतच सुईणींनी चालवायचे प्रसूतिकक्ष. कागदावर ही वाट केंटकी आणि ९२ व्या रस्त्यावरून आलेल्या वाटेसारखीच आहे : शिकलेली सुईण, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, उशाशी आपले माणूस.

२७/
आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. तिच्या मुळाशी एक साधी जाण आहे : त्या घटकेला बाईजवळ तिची आई असावी. लेकीला माहेरी आणले जाते, डिंकाचे लाडू वळले जातात, आणि ऐन कळांच्या वेळी ती आई रुग्णालयाच्या ओसरीत बंद दाराकडे पाहत बसते. अमेरिकेला ते दार उघडायला पन्नास वर्षे लागली. ते उघडल्याने रुग्णालय कमी सुरक्षित झाले नाही.

(समाप्त)